तळघरात दोन मजली मॉडेल रेल्वे: आधी घाट आखा, मग स्टेशनं

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या काही घरांना खाली एक खोली असते, मागून जमिनीत गेलेली आणि पुढून उघडी. ती 16 बाय 12 फुटांची असेल तर तिथे दोन मजली मॉडेल रेल्वे छान बसते. एकाच मजल्यावर दोन स्टेशनं मांडली की गाडीचा शेवटचा डबा एकातून सुटायच्या आत इंजिन दुसऱ्यात शिरतं. दुसरा मजला घ्यायचा तो प्रवासाला अंतर मिळावं म्हणून.

आराखड्याआधी खोलीचा एक पावसाळा बघा. जुलैत भिंतीला पुठ्ठा टेकवून ठेवा. आठवड्यात मऊ पडला तर पहिला खर्च वॉटरप्रूफिंगचा. सांगलीत नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी मात्र तळघर सोडून वरची खोली घ्यावी. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती.

आता मार्ग. आपल्याकडे दोन मजल्यांसाठी पुणे–मिरज लाइनसारखा दुसरा नमुना नाही. खाली नीरेच्या खोऱ्यातलं लोणंद, मग आदर्कीचा घाट, वर वाठार. महाबळेश्वरला जाणारे इंग्रजांच्या काळातले प्रवासी वाठारलाच उतरायचे. म्हणजे खालचा मजला लोणंद, वरचा वाठार ते सातारा, आणि मधली चढण म्हणजे घाट. ही चढण सगळ्यात आधी आखायची. बहुतेक जण स्टेशनं आधी काढतात आणि घाट उरलेल्या कोपऱ्यात कोंबतात. मीही तेच केलं होतं. 60 सेंमी त्रिज्येच्या वळणावर लांब डबे बाहेर झुकून एकमेकांना घासायला लागले आणि सगळं उखडावं लागलं.

त्रिज्या ठरते ती सर्वात लांब डब्यावरून. इथे धरलेलं एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा डबा, खरा साडेतेवीस मीटरचा, मॉडेलमध्ये सुमारे 27 सेंमी. त्रिज्या डब्याच्या अडीच-तीन पट हवी, म्हणून 75 सेंमी धरा. (याच हिशेबाने आपला ब्रॉडगेज रूळ 19.3 मिमी यायला हवा, पण बाजारात मिळतो तो 16.5 मिमीचा. मी तो बिनदिक्कत वापरतो. भारतीय डबे त्यावर सहज मिळतात, हे जास्त मोलाचं.)

मजले जोडायला स्प्रिंगसारखा गोल चढत जाणारा मार्ग करतात, त्याला हेलिक्स म्हणतात. 75 सेंमी त्रिज्येचा एक फेरा 4.7 मीटरचा होतो. दर फेऱ्याला 10 सेंमी चढ दिला तर प्लायची जाडी वजा जाऊन गाडीच्या डोक्यावर पुरेशी जागा राहते. हा चढ साधारण 2.1 टक्के. पण सततच्या वळणाची ओढ असते, त्यामुळे इंजिनाला तो 3 टक्क्यांसारखा जड जातो. म्हणून गाडी एक इंजिन आणि पाच डबे, सुमारे 1.6 मीटर, एवढीच ठेवा आणि स्टेशनातला लूप, म्हणजे गाडी थांबायची बाजूची लाइन, 1.8 मीटरचा.

चार फेऱ्यांत 40 सेंमी चढ होतो. खालचा मजला जमिनीपासून 100 सेंमीवर, वरचा 140 वर. चढायला लागतात जवळजवळ 19 मीटर रूळ. ताशी 50 किलोमीटरच्या प्रमाणातल्या वेगाने गाडी दोन मिनिटं नजरेआड राहते. एवढा वेळ रिकामी भिंत बघणं मुलांना जड जातं, म्हणून वरच्या फेऱ्याची बाहेरची बाजू उघडी ठेवून तिथेच आदर्कीचं वळण करा. लाल माती, खुरटं गवत, कातळ.

हे सगळं खडूने जमिनीवर खऱ्या मापात काढा. हेलिक्सला कोपऱ्यात 165 सेंमीचा चौकोन लागतो. आतून दुरुस्तीला शिरता यायला हवं, म्हणून मधे आडवा खांब नको. मोकळी वाट निदान 75 सेंमी. वरचा मजला 35 सेंमी रुंद, खालचा 55. त्याहून खोल केला तर मागच्या रुळावर हात पोचत नाही. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला उभं करून वरचं स्टेशन दिसतं का ते विचारा.

लाकूड बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं मरीन प्लायच घ्या आणि दोन्ही बाजूंनी रंगवा. एकच बाजू रंगवली तर ते वाकतं. वरच्या मजल्याची ब्रॅकेटं अँकर बोल्टने भिंतीत बसवा, फळीची जाडी दिव्यांसकट 6 सेंमीच्या आत ठेवा. एलईडी पट्टी खाली, पुढच्या कडेला लावा. मागे लावली तर गाडीची आपल्याकडची बाजू काळी पडते. दर दीड मीटरला रुळाला वीज पोचवणारी तार जोडा, नाहीतर घाटाच्या मध्यावर इंजिन मंदावतं.

पाणसळ घेऊन आधी हेलिक्स उभा करा आणि पूर्ण गाडी वर-खाली निदान पन्नास वेळा न्या. मग वरचा मजला, त्याची वायरिंग, सोल्डरिंग. लोणंदची झाडं-घरं त्यानंतरच, कारण वरून पडणारा कथिलाचा एक तापलेला थेंब महिनाभराचं गवत जाळतो.