सहा वैशिष्ट्ये आणि सन १९३२

सहायक प्राध्यापकपदाच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत विषयतज्ज्ञांनी सुरुवातच समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्यापासून केली, तेव्हा मला हायसे वाटले होते. जातीची सहा वैशिष्ट्ये मी झोपेतून उठवले तरी सांगितली असती: समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, नागरी व धार्मिक असमर्थता आणि विशेषाधिकार, व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि विवाहावरील निर्बंध. ती मी एका दमात सांगितली. ती ज्यात आहेत तो घुर्ये यांचा 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा ग्रंथ कोणत्या सालचा, असे त्यांनी विचारले. मी १९३२ असे उत्तर दिले. मग ते शांतपणे म्हणाले, "त्या साली पुण्यात काय झाले?"

मला उत्तर देता आले नाही. पुणे करार मला माहीत नव्हता असे नाही. येरवडा तुरुंग, गांधीजींचे उपोषण, २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख हे सगळे शाळेपासून पाठ होते. पण ते इतिहासाच्या वहीत होते आणि घुर्ये समाजशास्त्राच्या. या दोन वह्या वर्षानुवर्षे एकाच टेबलावर असूनही मी त्या कधी एका वेळी उघडल्या नव्हत्या. नोकरी दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याला आणखीही कारणे होती, पण तो विषय येथे नको.

भारतीय समाजशास्त्राचा इतिहास ज्यांना पदव्युत्तर अभ्यासासाठी किंवा सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी नव्याने वाचायचा आहे, त्यांना मी हा एकच खड्डा सविस्तर दाखवणार आहे, कारण मी त्यात पडले आणि बाहेर यायला मला तीन वर्षे लागली. पाठ्यपुस्तकांत हा इतिहास 'दृष्टिकोनां'च्या कप्प्यांत मांडलेला असतो. घुर्ये म्हणजे भारतविद्याशास्त्रीय (प्राचीन ग्रंथांतून समाज वाचणारे), एम. एन. श्रीनिवास म्हणजे संरचनात्मक-प्रकार्यात्मक (समाजाचे भाग एकमेकांना कसे धरून ठेवतात ते पाहणारे), अ. र. देसाई म्हणजे मार्क्सवादी आणि शेवटच्या प्रकरणात, बहुधा सत्र संपत आलेले असताना, डॉ. आंबेडकर म्हणजे सबाल्टर्न (तळातल्यांच्या बाजूने पाहणारे). कप्पे सोयीचे आहेत आणि जोड्या लावा या प्रश्नाला त्यांचा उपयोगही होतो. मात्र कोणत्या विद्यापीठात, कोणाच्या पैशाने, कोणत्या राजकीय घडामोडींच्या आगेमागे हे लेखन झाले, हे सगळे या कप्प्यांमुळे पुसले जाते; आणि ते पुसले गेले की उरते ती केवळ नावांची यादी.

घुर्ये यांचेच उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला. गेडिस नगररचनेचे जाणकार होते आणि त्यांच्या विषयाचे नावच नागरिकशास्त्र व समाजशास्त्र असे जोडीचे होते. मालवणात जन्मलेले, मूळचे संस्कृतचे विद्यार्थी असलेले घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकले आणि १९२४ पासून त्यांनी हा विभाग सांभाळला. आता '३२ सालचा तो ग्रंथ उघडा. त्याच्या शीर्षकातच जातीबरोबर वंश आहे, कारण १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता वंशाशी जोडली होती. घुर्ये यांनी तीच मापे पुन्हा तपासली आणि हा मेळ फार तर उत्तर हिंदुस्थानात बसतो, इतरत्र बसत नाही, असे दाखवले. जनगणनेत जातींची प्रतवारी लावण्याच्या सरकारी खटाटोपाने जातिभावना अधिक टोकदार झाली, अशी त्यांची तक्रार होती. जातीच्या आधारे राखीव प्रतिनिधित्व देण्यालाही त्यांचा विरोध होता. म्हणजे ज्या वर्षी येरवड्यात राखीव जागांवर घासाघीस चालली होती, त्याच वर्षी मुंबईतला हा प्राध्यापक त्याच प्रश्नावर आपली बाजू ग्रंथातून मांडत होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये शीर्षकातील 'वंश' जाऊन 'वर्ग' आला, नंतर 'व्यवसाय'ही आला आणि शेवटी मूळ शीर्षक परत आले. नुसत्या शीर्षकपृष्ठांवरही एक तास शिकवता येईल. सहा वैशिष्ट्ये हे त्या ग्रंथाचे एक प्रकरण आहे. आम्ही त्यालाच ग्रंथ समजलो.

याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता आणि अंतर्विवाह, म्हणजे जातीतच लग्न करण्याचे बंधन, हेच जातीचे मर्म असल्याचे सांगितले होते. घुर्ये यांच्या यादीत विवाहनिर्बंध सहा मुद्द्यांपैकी एक आहे. आंबेडकरांच्या मांडणीत बाकी सगळे त्यातून निघते, आणि स्त्रियांवरील नियंत्रणाचा प्रश्नही, म्हणजे सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह, तिथेच येऊन भिडतो. हा निबंध घुर्ये यांच्या ग्रंथापेक्षा सोळा वर्षे जुना असूनही आमच्या अभ्यासक्रमात तो शेवटी का आला, हा प्रश्न मला विद्यार्थी असताना कधी पडला नाही, याची मला आजही लाज वाटते. अभ्यासक्रमातील क्रम हा काळाचा क्रम नसतो. तो विभाग कोणाचे होते, पुस्तके कोण नेमत होते, याचा क्रम असतो.

येथे शॉर्टकटविषयी स्पष्ट बोलते. आमच्याकडे 'गाईड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही जपून वापरावेत. पहिले गाईड बाजारात मिळते, त्यात श्रीनिवास यांचे संस्कृतीकरण, म्हणजे वरच्या जातींच्या चालीरीती उचलून खालच्या जातींनी वर सरकणे, चार ओळींत असते आणि ज्या कूर्गच्या अभ्यासातून ते आले त्याचा उल्लेख कंसात. दुसरे गाईड विद्यापीठात असतात. माझे गाईड सज्जन होते, पण मूळ ग्रंथ वाचायला मागितला की "आधी नेट काढा" म्हणत. मी ते ऐकले आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन रिकामीच राहिले. मोठ्या नावाचा मार्गदर्शक शोधण्यात वर्ष घालवू नका. तुमचा कच्चा मसुदा पंधरा दिवसांत लाल शाईने भरून परत देणारा कोणीही, मग तो दुसऱ्या विषयाचा असला तरी, अधिक मोलाचा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी भरभर सांगते, कारण खड्डा कळला की तो तुमचा तुम्हालाच वाचता येईल. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, सरकारला खेडे समजून घ्यायचे होते, आणि पन्नाशीचे दशक ग्रामाभ्यासांचे ठरले. श्रीनिवास यांची 'प्रभुत्वशाली जात', म्हणजे संख्या आणि जमिनीच्या जोरावर गावात वरचढ ठरणारी जात, ही संकल्पना प्रौढ मताधिकाराच्या निवडणुका पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी इरावती कर्वे यांनी केली. त्याही घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी, पण नातेसंबंधांच्या प्रकरणापलीकडे आम्हाला त्या कोणी दाखवल्या नाहीत. १९६९ मध्ये सामाजिक विज्ञान संशोधनासाठी केंद्रीय परिषद स्थापन झाली आणि संशोधनाचा पैसा दिल्लीहून येऊ लागला.

इतर मागासवर्ग कोण हे ठरवून त्यांना आरक्षण सुचवणाऱ्या मंडल आयोगापाशी मात्र थांबा. मागासलेपण ठरवण्यासाठी आयोगाने अकरा निकष लावले: चार सामाजिक, प्रत्येकी ३ गुण, तीन शैक्षणिक, प्रत्येकी २, चार आर्थिक, प्रत्येकी १. एकूण २२ पैकी ११ किंवा अधिक गुण मिळाले की तो समूह मागास. हा तक्ता स्वतः कागदावर काढून पाहा. 'सामाजिक'ला आर्थिकच्या तिप्पट वजन का, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर १९९० मध्ये देश पेटला. लोकसंख्येसाठी आयोगाला १९३१ च्या जनगणनेकडे जावे लागले, कारण त्यानंतर सर्व जातींची आकडेवारी प्रसिद्धच झाली नव्हती. म्हणजे घुर्ये ज्या शिरगणतीवर चिडले होते, तिच्याच शेवटच्या आकड्यांवर पन्नास वर्षांनी धोरण उभे राहिले. येत्या जनगणनेत जात पुन्हा मोजली जाणार आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये. मूळ ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि पहिली वीस पाने डोके दुखवतात, हे खरे आहे. मी शब्दकोश घेऊन दिवसाला चार पाने वाचत असे आणि समासात मराठीत अर्थ लिहीत असे. दुसऱ्या महिन्यात चाराची अकरा झाली. घुर्ये यांचे इंग्रजी त्यांच्यावर लिहिणाऱ्यांच्या इंग्रजीपेक्षा सोपे आहे. नोकरीचे मात्र मी खोटे सांगणार नाही. जागा थोड्या निघतात, तासिका तत्त्वावरचे मानधन महिनोन्महिने रखडते, आणि घरात दुसरा पगार नसेल तर हातात आणखी एक काम ठेवूनच या वाटेला लागावे. मी सकाळी महाविद्यालयात आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या वर्गावर शिकवते.

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर मधोमध १९३२ लिहिले, डावीकडे येरवडा आणि उजवीकडे मुंबई विद्यापीठ. पाऊण तास त्यावर बोलले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"मॅडम, हे पेपरला येतं का?"

मी सांगितले की सहा वैशिष्ट्ये येतात, दहा गुणांना. त्याने फक्त तेवढेच लिहून घेतले. तास संपल्यावर मात्र त्याच्या शेजारी बसलेली मुलगी फळ्याचा फोटो काढायला थांबली, आणि १९१६ कुठे लिहायचे, असे तिने विचारले.