ट्राउटसाठी ओढा योग्य आहे का, हे कसं तपासावं?

पाणी नितळ आहे म्हणून ओढा ट्राउटला मानवेलच, असं समजू नका. या माशाची अंडी कित्येक आठवडे तळाच्या खड्यांत पुरलेली असतात. ओढ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी ओढ्याच्या रुंदीच्या किमान वीसपट लांबीचा पट्टा निवडा, म्हणजे डोह आणि उथळ खळाळ दोन्ही त्यात येतील.

तापमान ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी, वाहत्या पाण्यात मोजा. सकाळचा आकडा फसवतो. १० ते १६ अंश सेल्सिअस उत्तम. पारा २० च्या वर बराच वेळ राहिला तर मासा त्रासतो आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही घटतो. साध्या संचाने तो तपासा: लिटरमागे ७ मिलिग्रॅम किंवा जास्त असावा.

आता तळ. इथे घाई करू नका. खळाळातून आडवं चालत, न बघता बोटाला लागेल तो दगड उचला आणि त्याची मधली बाजू, म्हणजे सगळ्यात लांबही नाही आणि सगळ्यात आखूडही नाही ती, मोजा. असे शंभर दगड मोजा. अंडी घालायला साधारण १ ते ७ सेंटिमीटरचे सुटे खडे लागतात. मोठे गोटे गाळात किती रुतलेत तेही पाहा. गोटा उचलताना गढूळ लोट उठला, तर खड्यांमधल्या फटी बुजल्या आहेत. तिथून पाणी खेळत नाही आणि अंडी गुदमरतात. माझ्या मते बाकी सगळं चांगलं असूनही एवढ्या एका दोषाने ओढा नापास होतो.

गोटा उलटा करा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या किड्यांची पिल्लं खाली चिकटलेली दिसली, तर पाणी चांगलं आहे आणि माशाला खाणंही आहे. बघून झालं की गोटा होता तसाच ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे.

माशाला आसरा देणारे खोल डोह, पडलेली खोडं, खालून पोखरलेले काठ आणि पाण्यावर झुकलेली झाडं यांची नोंद करा. रस्त्याखालच्या मोरीचं तोंड पाण्यापासून उंच लटकत असेल, तर मासे वर चढू शकत नाहीत.

ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, रेनबो बहुधा वसंतात. त्या दिवसांत आणि पिल्लं खड्यांतून बाहेर पडेपर्यंत तळावर कुठे नुकताच उकरलेला, उजळ खड्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका. मोजणी काठावरूनच आटपा.