नाताळच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन मित्रांकडे जाताय? या चुका टाळा

आमचं घर नाशिकला आणि नवऱ्याचे बहुतेक मित्र मुंबई-ठाण्याचे. त्यामुळे २५ डिसेंबर ते १ जानेवारी आमच्या हॉलमधल्या गाद्या उचलल्याच जात नाहीत. माणसं आलेली मला आवडतात. वैताग येतो तो एवढ्याचाच, की दर वर्षी नवं कुटुंब येतं आणि चुका मात्र त्याच जुन्या. ज्यांचं पहिलंच मूल दोन-तीन वर्षांचं झालंय आणि ट्रिपचा बेत मात्र अजून कॉलेजात असल्यासारखा आखतात, ते यात सगळ्यात पुढे.

"आलोच आहोत तर..."

आलोच आहोत तर त्र्यंबकेश्वर करून टाकू. आलोच आहोत तर मिसळ खाऊ, द्राक्षाचे मळे बघू, संध्याकाळी अमक्याकडे पाच मिनिटं डोकावू. (द्राक्षांचं म्हणाल तर बागलाण तालुक्यातला लवकर पिकणारा माल सोडला, तर गोड द्राक्षं जानेवारी सरता सरता. डिसेंबरात मळ्यात जाऊन पोरांना आंबट मणी चाखवण्यात काय हशील?)

मागे एक जोडपं साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. पहाटे अंधारात तिला झोपेतून उचलून गाडीत घातलेलं. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, कसारा घाटात ती ओकली, आणि तशीच ते तिला थेट त्र्यंबकच्या रांगेत घेऊन गेले. सुट्टीतली ती रांग काय असते हे नाशिककरांना विचारा, आम्ही त्या आठवड्यात तिकडे फिरकत नाही. दुपारी जेवण चुकलं, झोप झाली ती गाडीत वीस मिनिटं. संध्याकाळी आमच्या ओळखीच्यांकडे गेल्यावर तिला मध्ये उभं करून "मावशीला गाणं म्हणून दाखव बघू" सुरू झालं. तिने गाणं म्हटलं नाही. त्या घरच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावली आणि जी रडायला लागली ती रात्री साडेनऊपर्यंत. आई बिचारी रडकुंडीला येऊन मला सांगत होती, "वहिनी, ती अशी नाहीये हो."

नाहीच आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, एक-दोन वर्षांच्याला ११ ते १४. त्यातले चार-पाच तास तुम्हीच कापलेत, तर संध्याकाळी ते चावणारच.

माझ्याकडे आता नियम साधा आहे. दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. एकपर्यंत घरी, वरण-भात, झोप. चारच्या आत कोणाकडे जायचं नाही आणि कोणाला बोलवायचंही नाही. पाहुण्यांनी तीन ठिकाणांची यादी काढली की मी म्हणते, जा खुशाल, पिल्लू माझ्याकडे ठेवून जा. निम्मी यादी तिथेच गळते. आणि समृद्धी महामार्गाने यायचं असेल तर या, इगतपुरीपर्यंत घाट टळतो, पोट ढवळणारं पोर असेल तर त्याचं फार सुख आहे. पण भिवंडीजवळ आमणेला, जिथे समृद्धी सुरू होते तिथे, पोचेपर्यंतचा वेळ हिशेबात धरा. "दोन तासांत येतो" म्हणून फोन करणाऱ्यांसाठी मी कुकर लावत नाही.

टीपॉयवरचे शेंगदाणे

यावर मी भांडते, पाहुणी असले तरी. थंडीतल्या गप्पा म्हणजे खारे दाणे, फुटाणे, हुरड्याबरोबर शेव. आणि वाटी कुठे, तर टीपॉयवर, बरोब्बर दोन वर्षांच्या मुलाच्या नाकासमोर.

एका मित्राच्या गच्चीवर थर्टी फर्स्टला हेच झालं. सगळी मोठी माणसं शेकोटीभोवती, आणि दीड-पावणेदोन वर्षांचा मुलगा दाण्यांची मूठ तोंडात घालून धावत सुटला. हसला आणि ठसका लागला. मग आवाजच बंद. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर. त्याक्षणी एकजण पाणी आणायला धावला, एकाने घशात बोट घालायला घेतलं, एका काकूंनी "वर बघ, वर बघ, चिमणी" सुरू केलं. वाचवलं ते खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी. त्यांनी त्याला मांडीवर पालथा घातला आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने जोरात दणके दिले. चौथ्याला दाणा बाहेर.

हे पाठ करून ठेवा. मूल जोरात खोकतंय तोवर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पाठीवर ५ दणके. तेवढ्याने निघालं नाही तर वर्षावरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर मुठीने ५ वेळा आत-वर दाब, आणि वर्षाखालच्याला पोट न दाबता छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने हेच करत राहायचं, दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा. मूल निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. आणि ठसका लागून आपोआप थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. दाणा श्वासनलिकेत बसला तर मूल मधले काही तास, कधी काही दिवसही ठणठणीत वाटतं आणि मग छातीतून शिट्टीसारखा आवाज किंवा हटून बसलेला खोकला सुरू होतो. डॉक्टरांना "दाणे खाताना ठसका लागला होता" हे आवर्जून सांगा, नाहीतर सर्दीचं औषध मिळेल.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको, कूट करून द्या. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणातही तेच. बोरं, हरभरे डोक्यावरून ओतायचे आणि पोरं ती वेचून तोंडात घालणार. मी चुरमुरे, बत्तासे आणि बिस्किटांची पाकिटं ठेवते. सासूबाई कुरकुरल्या, कुरकुरू देत.

बाकीच्या, थोडक्यात

एकच जाडजूड जॅकेट आणतात. नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली आणि दुपारी अठ्ठावीस. पातळ कपड्यांचे तीन थर, कानटोपी, मोजे.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर मुलांना दार-खिडकी लावून आंघोळ घालू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. बादलीत पाणी भरा, गीझर बंद करा, मग मूल आत. पाहुण्यांच्या पाठोपाठच्या आंघोळींत हे हमखास विसरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

खोकल्याचं सिरप "आमच्याकडे उरलंय, घे" म्हणून देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखाली देऊ नयेत, असं औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये लेबलवर छापायला लावलंय. वर्षाखाली मध नाही. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची नाही, पोरं ती चोखतात.

"सगळी खेळणी शेअर कर" ही सक्ती. घरच्या मुलाला पाहुणे येण्याआधी विचारा की कोणती दोन कपाटात ठेवायची. ती कुलपात. उरलेल्यांवर भांडण झालं तरी पाच मिनिटांत मिटतं.

मुलाला ताप असेल तर निघण्याआधी फोन करा. यजमान "या हो, काही नाही होत" म्हणतील. तरी येऊ नका.

आणि १ जानेवारीला दुपारी जेवून मुंबईला निघू नका, तेव्हा अख्खं नाशिक आणि निम्मी शिर्डी रस्त्यावर असते. सकाळी आठला निघा. डबा मी देते. ओकारीसाठी पिशव्या आणि मुलाचा एक जोड कपडे डिकीत नाही, पायाशी ठेवा.