एकल मातेला परवडणारे घर मिळवून देताना आणि ते टिकवताना

एकल मातेला घर शोधायला मदत करणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत ‘भाडे किती देऊ शकाल?’ असे विचारतात. हा प्रश्न अपुरा आहे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च गेला तर घर परवडते, हा ठोकताळा अनेक देशांत वापरला जातो. पण एकाच कमाईवर चालणाऱ्या कुटुंबात पाळणाघराचे पैसे दिल्यावर तेवढेही जड जाऊ शकते. म्हणून हिशेब उलटा मांडावा. महिन्याच्या खात्रीच्या मिळकतीतून आधी अन्न, औषधे, शाळा, पाळणाघर आणि प्रवास वजा करावा आणि उरलेल्या रकमेत भाडे, वीज, पाणी व देखभाल बसते का ते पाहावे. पोटगी अनियमित असेल तर ती मिळकतीत धरूच नये. आली की पुढच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावी. दूरवरचे स्वस्त घर याच हिशेबात पुष्कळदा महाग ठरते, कारण प्रवासखर्च तर वाढतोच, शिवाय पाळणाघर बंद होण्यापूर्वी आईला पोहोचता आले नाही तर नोकरीवरच गदा येते.

सरकारी किंवा अनुदानित घरांची योजना असेल तिथे खासगी घराचा शोध सुरू असतानाच प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे. पत्ता किंवा फोन बदलल्याचे कळवायचे राहिले आणि कार्यालयाच्या पत्राला उत्तर गेले नाही, तर नाव वगळले जाण्याचा धोका असतो. ही आठवण ठेवण्याचे काम मदतनीसाने आपल्याकडे घ्यावे. ओळखपत्र, मिळकतीचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, मुलांच्या ताब्याविषयीचा न्यायालयीन आदेश असल्यास त्याची प्रत आणि जुन्या भाडेपावत्या एकाच फाईलमध्ये तयार असाव्यात. घरमालक खासगी आयुष्याबद्दल खोदून विचारू लागला तर आपण तिची करुण कहाणी सांगू नये. भाडे वेळेवर दिल्याच्या पावत्या आणि आधीच्या घरमालकाचे पत्र अधिक उपयोगी पडते, आणि तिचा मानही राखला जातो.

करार तिच्याच नावावर हवा. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने १९९१ मध्ये पुरेशा निवाऱ्याचे निकष मांडताना घराच्या ताब्याची कायदेशीर सुरक्षितता पहिल्या क्रमांकावर ठेवली. भावाच्या किंवा मित्राच्या नावावरच्या घरात नेमकी हीच सुरक्षितता नसते. भाडेवाढ, दुरुस्तीची जबाबदारी, अनामत परत मिळण्याच्या अटी आणि घर सोडण्याची पूर्वसूचना या चार गोष्टी लेखी असल्याशिवाय सही करू नये. सामान लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतींवरच्या ओलीचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढावेत. घर जोडीदाराच्या नावावर असेल तर ते सोडण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. मात्र हिंसेचा धोका असेल तेव्हा आधी सुरक्षित जागी जावे, सल्ला तिथून घ्यावा, आणि नवा पत्ता कोणाला कळेल हे तिनेच ठरवावे.

घर हातचे जाण्याची सुरुवात बहुधा एका चुकलेल्या हप्त्याने होते. मूल आजारी पडते, रजा बिनपगारी होते, भाडे थकते, आणि संकोचापोटी आई घरमालकाचे फोन उचलणे टाळते. इथेच मदतनीसाने उभे राहावे. भाड्याची तारीख उलटण्यापूर्वीच घरमालकाला लेखी कळवून चालू भाड्यासोबत थकबाकीचा लहान हप्ता सुचवावा. हप्ता असा असावा की तो खरोखर भरता येईल, कारण मोडलेला दुसरा वायदा पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नये. भाडे भरण्यासाठी भरमसाट व्याजाचे कर्ज काढण्यापेक्षा आपत्कालीन भाडेसाहाय्य देणाऱ्या संस्थांकडे त्याच आठवड्यात अर्ज करावा, कारण त्यांची प्रक्रियाही वेळ घेते. घर रिकामे करण्याची नोटीस आलीच, तर ती मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहावी, उत्तराची मुदत पाहावी आणि मोफत कायदेशीर मदत केंद्राकडे जावे. नोटीस आली म्हणजे त्याच दिवशी घर सोडायचे असे नसते. अनेक ठिकाणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरमालकाला कुलूप बदलता येत नाही, आणि घाबरून आधीच बाहेर पडलेल्या आईला पुन्हा आत येणे फार कठीण जाते.