कॉमेडीतून पॉडकास्टकडे वळलात? या चुका टाळा

लातूर-परभणीकडच्या बोलीत रील करून नाव कमावलेला कलाकार माईकसमोर बसतो, तेव्हा लोक येतात हसायला. जाताना मात्र सल्ला घेऊन जातात. घोळ इथंच होतो.

सगळ्यात महागात पडतं ते मान डोलावणं. पाहुणा म्हणतो, "मृगाचा पहिला पाऊस पडला की सोयाबीन टाकून मोकळं व्हा." होस्ट म्हणतो, "एक नंबर!" झालं, सल्ल्यावर होस्टचा शिक्का बसला. परभणीचं कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. पुढं पावसानं ताण दिला, तर दुबार पेरणीचं बियाणं पाहुणा आणून देत नसतो. म्हणून तो काय सांगणार हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. शेती, औषधपाणी, पैसा आणि कोर्टकचेरीचे दावे वेगळे लिहून त्या-त्या विषयातल्या जाणकाराला दाखवा. रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हे कशावरून?" विचारलं तरी बऱ्याच दाव्यांतली हवा निघते. "मी तर साधा कॉमेडियन" ही पळवाट ऐकणाऱ्याच्या काय कामाची?

क्लिप कापताना पहिला बळी जातो तुमच्या प्रतिप्रश्नाचा, कारण चालतो तो दावा. दावा आणि प्रतिप्रश्न दोन्ही एकाच क्लिपमध्ये ठेवा, नाहीतर ती क्लिप टाकूच नका.

चूक निघालीच तर डिस्क्रिप्शनच्या तळाशी एक ओळ लिहून भागत नाही. ऑडिओ फाइल बदलली तरी आधी डाउनलोड केलेल्यांच्या मोबाइलमध्ये जुनीच राहते. व्हिडिओतला तेवढा भाग काढा, कमेंट पिन करा, पुढच्या भागाच्या पहिल्याच मिनिटात स्वतःच्या तोंडानं सांगा आणि दुरुस्तीची क्लिप जुनी जिथं फिरली त्याच व्हॉट्सॲप ग्रुपांत सोडा.

जाहिरात गप्पांत मिसळू नका. ऑडिओत "ही जाहिरात आहे" हे सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर सांगायची, असं जाहिरात मानक परिषदेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. "शुगर कायमची घालवा" छापाची जाहिरात तर पैसे कितीही मिळोत, घेऊच नका. १९५४च्या कायद्यानं तिला बंदी आहे. फसव्या जाहिरातीसाठी २०१९च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंतचा दंड शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. दाव्याची खातरजमा केल्याचे कागद जपले असतील तर बचावाला जागा राहते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात "नाव घेत नाही" म्हणत गाव, आडनाव, कॉलेज सांगितलं जातं. तालुक्यात तेवढ्यावरून घर सापडतं, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. तो भाग नुसता म्यूट करू नका, कापूनच टाका. व्हिडिओत ओठ वाचता येतात.