कृषी विद्यार्थ्यांना परिषदेसाठी इंदूरला आणताना: मुक्कामाचे नियोजन

परिषदेच्या सत्रांचे वेळापत्रक आयोजक ठरवतात. संध्याकाळी सत्र संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात परत जाईपर्यंतचा वेळ मात्र विद्यार्थ्यांना घेऊन येणाऱ्या शिक्षकाच्याच हाती असतो, आणि मुक्कामी दौरा रंगतो की कंटाळवाणा होतो हे बहुधा या वेळेवरच ठरते. इंदूरमध्ये बाहेरगावच्या तुकड्यांची व्यवस्था पाहताना मला हे जरा उशिराच उमगले. सुरुवातीच्या एका दौऱ्यात आम्ही मुलांना दोन्ही दिवस सभागृहात बसवून ठेवले. शेवटच्या रांगेत सगळ्यांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या होत्या. तीच मुले रात्री सराफ्यात, म्हणजे रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी भरणाऱ्या सराफा बाजारात, गराडू तळणाऱ्याला मात्र हा कंद कोणत्या जमिनीत येतो आणि खोदायला किती मजूर लागतात, असे प्रश्न विचारत होती.

म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक गटाला एक प्रश्न नेमून द्यावा आणि त्याचे उत्तर सभागृहात व बाहेर, अशा दोन्ही ठिकाणी शोधायला सांगावे. पाच-सहा जणांचा गट पुरे. त्याहून मोठ्या गटात दोघे काम करतात आणि उरलेले छायाचित्रे काढतात.

प्रश्न निवडताना हंगाम पाहावा. ऑगस्टअखेरीस माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन उभे असते, ऑक्टोबरमध्ये त्याची काढणी चालते आणि जानेवारीत सगळीकडे गहू दिसतो. सोयाबीनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथील राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेची (पूर्वीची भारतीय सोयाबीन संशोधन संस्था) भेट महत्त्वाची आहे, परंतु तेथे तुकडीसह आयत्या वेळी जाऊन उभे राहू नये. लेखी परवानगी आधी घ्यावी आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा विषय खताचा आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात याच शहरात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली, आणि त्या कामात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. ज्या संस्थेत हे काम झाले, तिच्याच जागी आज कृषी महाविद्यालय आहे. 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि सुमारे 3 फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ते तीनदा उलथवायचे आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार करायचे, असा तो क्रम होता. आता शहराच्या कडेला, देवगुराडिया येथे, 2022 मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प आहे; तेथे ओला कचरा हवेविना कुजवून इंधन वायू बनवतात. त्याची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा हाताळण्याची आहे. कंपोस्टच्या ढिगाला हवा मिळावी म्हणून सारी धडपड, तर या प्रकल्पात हवा आत येऊ नये म्हणून. दोन्हीकडे नत्राचे काय होते, एवढा एकच प्रश्न गटाला दिला तरी रात्रीच्या चर्चेला पुरून उरतो.

ही चर्चा मुक्कामाच्या ठिकाणी, जेवणानंतर, अर्ध्या तासात आटोपावी. प्रत्येक गटाने दिवसभरात सभागृहात ऐकलेल्या विधानांपैकी बाहेर पाहिलेल्याशी न जुळणारे एक विधान मांडावे. शिक्षकाने शक्यतो गप्प बसावे, जे आपल्याला सहसा जमत नाही. ज्यांचे पोस्टर-सादरीकरण दुसऱ्या दिवशी आहे, त्यांची तालीमही तेव्हाच घ्यावी. सराफा बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो, परंतु त्यासाठी एकच रात्र राखावी. दुसरी रात्र झोपेची, कारण पहाटे चोइथराम मंडीत कांदा, बटाटा आणि लसणाचे लिलाव पाहायचे असतील तर सहाच्या आत निघावे लागते. परतताना वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडला की महाराष्ट्रातली मुले ‘हे आपले पोहे नव्हेत’ म्हणून वाद घालतात, घालू द्यावा.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात सांगतो. पालकांच्या संमतिपत्रावर रक्तगट, नेहमीची औषधे आणि ॲलर्जी यांची नोंद असावी, विद्यार्थिनी असल्यास शिक्षिका सोबत असावीच, आणि खोल्यांची यादी इंदूरला पोहोचल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी तयार करावी. रात्रभराच्या रेल्वे प्रवासानंतर मुलांना थेट उद्घाटनाच्या सत्रात बसवू नये. शक्य असल्यास आदल्या दिवशी पोहोचावे. परतीचे आरक्षण मात्र समारोपाच्या रात्रीचेच घ्यावे. दुपारची गाडी धरली की शेवटचे सत्र अर्ध्यावर सोडावे लागते, आणि विद्यार्थ्यांच्या पोस्टरची पारितोषिके बहुधा त्याच सत्रात जाहीर होतात.