कोकणात घराचा प्लॅन निवडताय? आधी छप्पर बघा, खोल्या नंतर

सातबारा, मोजणी, रस्ता हे सगळं झालंय असं धरून चालतो. फक्त एक, जागा खाडीकाठी असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, नुसत्या समुद्राला नसतो, भरतीचं पाणी खाडीत जिथवर चढतं तिथेही लागतो, त्यामुळे प्लॅनवर पैसे घालवायच्या आधी ते बघून घ्या.

१. गरजांची यादी. किती बेडरूम ते नंतर, आधी गणपतीत घरात काय काय चालतं ते लिहा. मखर कुठे, भजनाला माणसं बसणार कुठे, मुंबईवाले आले की सकाळी संडास-बाथरूमला रांग किती. तेव्हा जे घर पुरतं ते वर्षभर पुरतं. हॉल केवढा नि किचन केवढं हे कुठलाही ड्राफ्ट्समन नीट काढून देतो, त्यात डोकं शिणवू नका.

२. जागेच्या नकाशावर उतार, विहीर, मोठी झाडं आणि दिशा मांडा. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. झालं.

३. छप्पर. लोकं इथेच फसतात, आणि मलाही सुरुवातीला यानेच सगळ्यात जास्त छळलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेटवर मिळणारे प्लॅन बहुतेक कमी पावसाच्या मुलखातले असतात, सपाट स्लॅब, वर पॅरापेट, समोरून एकदम चकाचक. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. काही वर्षांत स्लॅब पाझरायला लागतो, खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, मग त्याच स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे. कुठल्याही गावात फिरा, अशी घरं दिसतील. एका घराला दोन छपरांचा खर्च कशाला? पहिल्यापासून उतरतं छप्पर घ्या. कौलं की पत्रा हे माकडांवर ठरवा, वाडीत टोळ्या फिरत असतील तर नुसती कौलं टिकत नाहीत, मग खाली स्लोपचा स्लॅब किंवा पत्रा टाकून वर कौलं.

आता प्लॅनचा नि छपराचा संबंध. कौलाला साधारण ३० अंशांचा उतार लागतो. घर २४ फूट रुंद असेल तर आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा कणा, भिंतीच्या वर ७ फुटांवर जातं, तेच घर ४० फूट रुंद असेल तर साडेअकरा फुटांवर. म्हणजे चौरस ढब्बू प्लॅन निवडलात की छप्पर घरापेक्षा मोठं होतं, लाकूड-लोखंडाचा खर्च वाढतो आणि वाराही जास्त पकडतं. आपली जुनी घरं लांबट आहेत ती उगाच नाहीत.

पुढची भानगड पडवीची. भिंत १० फूट आणि तोच उतार पुढे ७ फुटांच्या पडवीवर नेला तर खांबाशी छप्पर ६ फुटांवर येतं, पागोळ्यांपाशी तर पाचाच्याही खाली, म्हणजे पाहुण्याने वाकूनच आत यायचं. मग गवंडी काय करतो, पडवीपुरता उतार चपटा करतो, आणि आषाढात वाऱ्याने पाणी कौलांखालून उलटं चढतं. हे प्लॅनमध्ये दिसतच नाही, म्हणून इंजिनियरकडे सेक्शन मागा, म्हणजे घर मधून कापल्यासारखं उंचीसकट दाखवणारा छेद, आणि पडवीच्या टोकाला किती उंची राहते ते स्वतः मोजा. एकतर भिंत १२ फूट घ्या, नाहीतर पडवी ५ फुटांवर आणा, पडवीची जमीन एक पायरी खाली घेतलीत तर अर्धा फूट आणखी मिळतो. सेक्शन 'नंतर देतो' म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या.

आणि एल आकाराचे, पुढेमागे कोपरे काढलेले प्लॅन शक्यतो नकोच. दोन छपरं आत मिळतात तिथे व्हॅली होते, तिच्यात फणसाची पानं साचतात, पहिल्या मोठ्या पावसात ती तुंबते आणि पाणी थेट माजघरात. सिलिकॉन, डांबर, सगळं लावून बघतात लोकं, पुढच्या जूनला पुन्हा तेच. साधं चौपाखी घ्या, चारही बाजूंना उतरणारं. वाऱ्यालाही ते दोनच बाजूंना उतरणाऱ्या दुपाखीपेक्षा बरं, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती छपरं उडाली ते आठवा. त्यासाठीच आधाराशिवाय छप्पर दोन-अडीच फुटांपेक्षा बाहेर काढू नका.

४. पश्चिम-नैऋत्य बाजू. झड इकडून येते आणि उन्हाळ्यात दुपारचे खारे वारेही इकडूनच, त्यामुळे ही बाजू पूर्ण बंद करणं हा मूर्खपणा. खिडक्या ठेवा पण पडवीच्या आत. उरलेल्या उघड्या भिंतीला न्हाणीघर, कोठीची खोली. तिथे बेडरूम काढून मोठी काच लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याला जुलैमध्ये त्या खोलीत झोपायला बोलवा.

वास्तूवाले काय ते दार सांगतील, छपराला हात लावू देऊ नका.

५. शेवटी जागेवर फक्कीने प्लॅन आखा, घरातल्या बायकांना त्यातून फिरवा, मागच्या पडवीत चूल, लाकडं आणि पावसातले ओले कपडे मावतात का ते त्यांनाच विचारा. नाही म्हणाल्या तर पाया खणायच्या आधी बदला, तोवर नुसती फक्कीच पुसायची असते.